संगीत शिकायचे आहे : कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठाकडे



अमेरिकेतील आपल्या घरांत मुलांच्या हायस्कूलचे शेवटचे वर्ष सुरू झाले की चर्चा ठरावीक विषयांभोवती फिरू लागते. संगणकशास्त्र, वैद्यकीय शिक्षण, फार तर अर्थशास्त्र. अशा घरात एखादी मुलगी ‘मला संगीतात पदवी घ्यायची आहे’ असे म्हणाली की काही वेळ कोणी काही बोलत नाही. त्या शांततेत पैशाची काळजी असते, व्हिसाची काळजी असते आणि त्याखाली आणखी जुने असे काहीतरी असते. या लेखात मी त्या तिन्ही गोष्टींविषयी लिहिणार आहे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने गेल्या दीड वर्षात हा प्रश्न कसा सोडवत नेला, ते मी जवळून पाहिले. मुलगी चेलो वाजवते, वडील माझ्यासारखेच सॉफ्टवेअर अभियंता आहेत आणि सारे कुटुंब कॅलिफोर्नियात राहते.

आधी जुन्या गोष्टीविषयी. विदर्भातील कित्येक गावांत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात डफडे होते. ते त्यांनी निवडलेले नव्हते. लग्न दुसऱ्याचे, मिरवणूक दुसऱ्याची. बोलावणे आले की वाजवायचे आणि मिळेल ते पदरात घ्यायचे. बाबासाहेबांच्या चळवळीत माणसांनी हे काम सोडले आणि त्याची किंमतही मोजली. त्यामुळे मुलीच्या आजोबांना नागपूरला फोनवर ही बातमी कळली तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारले, “आमी डफडं खाली ठेवलं म्हणून तुह्या बापाच्या हाती पुस्तक आलं.” या वाक्याला जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही. त्यामागे एका पिढीचा निर्धार आहे.

परंतु त्याच चळवळीने दुसरी गोष्टही केली. आंबेडकरी जलशांनी वाद्य पुन्हा हाती घेतले, ते आपल्या शब्दांसाठी आणि आपल्या लोकांसमोर. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी ही आपल्या घरांची पहिली पाठशाळा होती. स्वतः बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिनचे धडे घेतले. जन्माने लादलेले वाजवणे आणि स्वेच्छेने, अभ्यासाने मिळवलेले संगीत यांतील अंतर आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले आहे. उरतो तो प्रश्न व्यवहाराचा : हा अभ्यास कोठे करायचा, किती पैशांत करायचा आणि त्याचे पुढे काय होते?

मुलीला एका खाजगी विद्यापीठाने प्रवेश देऊ केला होता. राहणे-जेवणे धरून वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या आसपास जात होता. नागरिकत्व वा ग्रीन कार्ड नसल्यामुळे केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळणार नव्हती. अशा वेळी घरापासून वीस मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजचे नाव पुढे आले आणि आईच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. आपल्याकडे ‘प्रवेश कोणालाही मिळतो’ याचा अर्थ ‘दर्जा नाही’ असा लावला जातो. या देशात तो अर्थ लागू पडत नाही.

सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांची परंपरा अमेरिकेत १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झाली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या उच्च शिक्षणाच्या महायोजनेत तीन पायऱ्या आखल्या. वर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकासाठी कम्युनिटी कॉलेज. पहिली दोन वर्षे तेथे करून उरलेली दोन विद्यापीठात करायची, हा मार्ग व्यवस्थेनेच बांधलेला मुख्य रस्ता आहे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. राज्यातील रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांची ६० युनिटे धरली तर शिक्षणशुल्क २,७६० डॉलर होते.

आपल्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. कम्युनिटी कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग पाहिले की मला त्याचीच आठवण होते. दिवसभर दुकानात उभा राहिलेला तरुण, मुलांना झोपवून आलेली आई आणि अठरा वर्षांची मुलगी एकाच बाकावर बसून एकच स्वरलेखन करतात.

संगीताच्या बाबतीतही या कॉलेजांचा इतिहास लहान नाही. लॉस एंजेलिस सिटी कॉलेज १९२९ मध्ये सुरू झाले. ‘स्टार वॉर्स’चे संगीतकार जॉन विल्यम्स काही काळ तेथे शिकले. चित्रपटसंगीतातील दुसरे मोठे नाव जेरी गोल्डस्मिथ तेथलेच. जॅझमध्ये नवी वाट पाडणारा कृष्णवर्णीय वादक एरिक डॉल्फीही तेथे शिकला.

चार सत्रांची शिडी

संगीताचा अभ्यासक्रम इतर विषयांहून एका बाबतीत वेगळा आहे. इतिहासाचे वा अर्थशास्त्राचे काही विषय मागेपुढे करता येतात. संगीताचे येत नाहीत. कॅलिफोर्नियात विद्यापीठात जाण्यासाठी जी संगीताची ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ आहे, तिच्यात तीन गोष्टी चारही सत्रे चालतात. पहिली, थिअरी आणि तिच्या जोडीने म्युझिशियनशिप. दुसरी, आपल्या वाद्याचे वा गायनाचे वैयक्तिक शिक्षण, ज्याला अप्लाइड म्युझिक म्हणतात. तिसरी, ऑर्केस्ट्रा, बँड किंवा कॉयर यांपैकी एका मोठ्या समूहात नियमित वादन-गायन. याखेरीज पियानो हे मुख्य वाद्य नसलेल्यांना अनेकदा क्लास पियानो करावा लागतो, कारण पुढे विद्यापीठात पियानोची प्राथमिक परीक्षा बहुधा असतेच.

थिअरीचे दुसरे सत्र पहिल्याशिवाय मिळत नाही, तिसरे दुसऱ्याशिवाय नाही. अनेक लहान कॉलेजांत पहिले सत्र फक्त फॉलमध्येच सुरू होते. तो फॉल हुकला की एक वर्ष गेले. म्हणून ‘आधी सामान्य विषय उरकू, संगीत नंतर पाहू’ हा सल्ला इतरत्र शहाणपणाचा असला तरी येथे घातक ठरतो. पहिल्याच आठवड्यात संगीत विभागाच्या समुपदेशकाला भेटून चारही सत्रांचे वेळापत्रक कागदावर मांडून घ्यावे.

या वर्गांत प्रत्यक्षात काय चालते? पहिल्या सत्रात स्वरांची अंतरे, स्केल आणि कॉर्ड. मग चार आवाजांसाठी लेखन, ज्यात दोन आवाज कसे चालावेत याचे अठराव्या शतकापासूनचे नियम पाळावे लागतात. शेवटच्या सत्रात विसाव्या शतकातील रचनापद्धती. म्युझिशियनशिपच्या तासाला शिक्षक पियानोवर चार ओळी वाजवतात आणि विद्यार्थी त्या ऐकून लिहितात. कागदावरची अपरिचित ओळ वाद्याविना गातात. ज्या वर्गात ‘डो’ हा स्वर पट्टीबरोबर सरकतो, तेथे आपल्या मुलांना एक छोटा लाभ मिळतो. पेटीवर भीमगीते ऐकत वाढलेल्या कानाला षड्ज हलतो हे माहीत असते. बिलावल थाटाची ओळख असेल तर मेजर स्केल परके वाटत नाही आणि आसावरी थाट हे तर नैसर्गिक मायनर स्केलच होय. अर्थात चार आवाज एकाच वेळी ऐकण्याची सवय मात्र नव्याने लावावी लागते. मुलीच्या पहिल्या सत्राचा बराचसा काळ त्यातच गेला.

वैयक्तिक शिक्षणासाठी बाहेर तासाला शंभर डॉलर सहज लागतात. अनेक कम्युनिटी कॉलेजांत ऑडिशन देऊन अप्लाइड म्युझिकमध्ये प्रवेश मिळवला की हे धडे युनिटच्या शुल्कातच मिळतात. त्या बदल्यात रोजच्या रियाजाची नोंद ठेवावी लागते आणि सत्राच्या शेवटी शिक्षकांच्या मंडळासमोर वाजवावे लागते. या परीक्षेला ज्युरी म्हणतात. वडिलांनी ही सगळी रचना नागपूरला समजावून सांगितली तेव्हा आजोबांनी विचारले, “परीक्षा असते काय?” असते म्हटल्यावर म्हणाले, “मंग शिकू दे.”

प्रवेशाची दोन दारे

विद्यापीठात जाताना संगीताच्या विद्यार्थ्याला दोन दारे ओलांडावी लागतात, हे बहुतेक पालकांना उशिरा कळते. पहिले दार गुणांचे. ट्रान्सफर डिग्री पूर्ण केली की सीएसयू व्यवस्थेत जागेची हमी मिळते, पण ती हमी विशिष्ट कॅम्पसची वा विशिष्ट विभागाची नसते. यूसीच्या सहा कॅम्पसांत हमीपत्राची सोय आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसते. २०२५ च्या फॉलपासून सामान्य विषयांसाठी यूसी आणि सीएसयू दोघांनाही चालणारा ‘कॅल-जेटसी’ हा एकच आराखडा आला आहे, त्यामुळे तो भाग सोपा झाला आहे.

दुसरे दार ऑडिशनचे. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचे असतात आणि ऑडिशन बहुधा हिवाळ्यात होतात. काही ठिकाणी त्याआधी ध्वनिमुद्रण पाठवावे लागते. गुण उत्तम असूनही ऑडिशनमध्ये निवड न झाल्यास त्या विभागात प्रवेश मिळत नाही. निवड झाली तरी थिअरी आणि श्रवणाची चाचणी होते आणि तीत कमी पडल्यास केलेले सत्र पुन्हा करावे लागू शकते. युनिटे जमा होतात, पण शिडीवरची पायरी चाचणी ठरवते. म्हणून ‘बॅचलर ऑफ म्युझिक’ या वादनप्रधान पदवीला ट्रान्सफरनंतर दोनऐवजी तीन वर्षे लागण्याची तयारी ठेवावी. संगीतातील ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ त्या मानाने मोकळी असते.

एकविसावा वाढदिवस

आपल्या कुटुंबांसाठी याहून कठीण हिशेब व्हिसाचा आहे. एच-१बी धारकांची मुले एच-४ वर असतात. राज्यात पुरेसा काळ राहिलेल्या एच-४ विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाचे शुल्क लागू होऊ शकते. मात्र वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की हा दर्जा संपतो. तोवर ग्रीन कार्ड आले नसेल, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे हे आपण सारे जाणतो, तर एफ-१ वर जावे लागते. तेव्हा रहिवासी शुल्काची पात्रता धोक्यात येते. यूसीमध्ये परराज्यातील व परदेशी विद्यार्थ्यांना रहिवाशांच्या सुमारे पंधरा हजार डॉलर शुल्कावर वर्षाला तीस हजारांहून अधिक जादा भरावे लागतात. सीएसयूमध्ये हा फरक बराच कमी आहे.

या मुलीला विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षात एकविसावे लागेल. म्हणून कुटुंबाने सीएसयूचे कॅम्पस यादीत वर ठेवले, बॅचलर ऑफ आर्ट्स निवडली आणि उन्हाळी सत्रांत सामान्य विषय उरकले, जेणेकरून मुख्य सत्रांत चेलोला वेळ राहावा. तिसऱ्या वर्षाचा मोह टाळला. हे सारे वेळापत्रक मुलीने स्वतः तयार केले, आईवडिलांनी तपासले आणि इमिग्रेशन वकिलाकडून दर्जाबदलाचा भाग समजून घेतला. आपणही ही चौकशी अठराव्या वर्षीच करावी, विसाव्या वर्षी नव्हे.

पुढे काय?

‘वाजवून पोट भरते का?’ हा प्रश्न योग्यच आहे. केवळ मैफलींवर जगणारे थोडे असतात. परंतु संगीताच्या पदवीनंतर शिक्षकाचे क्रेडेन्शियल घेऊन सार्वजनिक शाळेत शिकवता येते. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर केले. त्यानुसार शाळांना कला आणि संगीतासाठी दरवर्षी वेगळा निधी मिळतो आणि पाचशे वा अधिक विद्यार्थी असलेल्या जिल्ह्यांना त्यातील किमान ८० टक्के रक्कम माणसे नेमण्यावर खर्च करावी लागते. संगीतोपचार हा दुसरा मार्ग, त्यासाठी पदवीबरोबर १,२०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण लागते. ध्वनिमुद्रण आणि ध्वनितंत्रज्ञान हा तिसरा. त्याची प्रमाणपत्रे कम्युनिटी कॉलेजातच मिळतात. या प्रत्येक मार्गावर कामाच्या परवान्याचा प्रश्न आहे, आणि तो संगणकशास्त्राच्या पदवीधराइतका सहज सुटत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. सांगून झाल्यावर निर्णय त्यांना घेऊ द्यावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे एका बैठकीत मला विचारले गेले. माझे उत्तर असे : आपल्या आधीच्या पिढ्यांना काय शिकायचे याची निवड नव्हती, आमच्या पिढीला निवड होती पण चूक करण्याची मुभा नव्हती. पहिल्या वर्षी काही हजार डॉलरांत, घरी राहून, एखाद्या मुलीला आपली आवड तपासून पाहता येत असेल आणि न जमल्यास त्याच कॉलेजच्या दुसऱ्या विभागात जाता येत असेल, तर ती मुभा आपण तिला देऊ शकतो.

मुलीचे अर्ज गेले आहेत. ऑडिशनसाठी बाखच्या एका चेलो सुइटमधील दोन भाग आणि एका कन्चर्टोचा पहिला भाग ती बसवत आहे. निकाल वसंतात लागेल. तोवर तिचे चौथे सत्र चालू राहील, आणि रोज संध्याकाळी सहा ते नऊ त्यांच्या घरी दूरदर्शन संच बंद असतो.