चाकूच्या मुठीतील कापूस

मारेगावच्या शिवारातून जिनिंगकडे जाणारा कापूस आमचे विद्यार्थी लहानपणापासून पाहतात. त्यांस आम्ही सांगितले की, खिशातील मिटत्या चाकूची मूठही पऱ्हाटीच्या बोंडापासून होऊ शकते, तर ती थट्टा वाटेल. परंतु ते अक्षरशः खरे आहे.

पूर्वी मूठ शिंगाची, हाडाची अथवा हस्तिदंताची असे. हस्तिदंत महाग झाले, तेव्हा अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट याने बिलियर्डच्या चेंडूंसाठी दुसरा पदार्थ शोधता शोधता १८७० साली सेल्युलॉइडचे पेटंट मिळविले. कापूस म्हणजे बहुतांशी सेल्युलोज. त्यावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया घडवून जो पदार्थ मिळतो, त्यात कापूर मिसळून दाब व उष्णता दिली म्हणजे सेल्युलॉइड तयार होते. त्यास हवा तो रंग देता येतो. शिंपल्याची नक्कल तर अशी, की जाणताही फसावा.

पण या देखण्या मुठीत मोठी खोट आहे. वर्षे लोटली म्हणजे तिच्यातील कापूर उडून जातो, मूठ आकसते, खिळ्यांपाशी तडकते, आणि तिच्यातून आम्लाची वाफ सुटू लागते. आमच्या वडिलांच्या पेटीत असा एक चाकू निघाला. पाते तेल लावून ठेवलेले, तरी मुठीलगत गंजाने पोखरले होते. शेजारचा अडकित्ताही सुटला नव्हता. आम्ही पावसाळ्यास दोष दिला. खरा दोष मुठीचा, हे पुष्कळ उशिरा कळले. अशी मूठ घरी असल्यास ती बंद डबीत न ठेवता, वारा लागेल अशा थंड जागी निराळी ठेवावी. परीक्षेसाठी तिला काडी मात्र कदापि लावू नये. सेल्युलॉइड भडकून पेटते. अंगठ्याने जोराने घासून ऊब आणली असता कापराचा वास येतो, तेवढे पुरे.

स्वित्झर्लंडमधील प्रसिद्ध तांबड्या चाकूंच्या मुठीतही सेल्युलोजच असते. मात्र तेथे नत्राम्लाऐवजी शिरक्यातील आम्ल आणि खवट लोण्यास वास देणारे आम्ल योजतात. त्यामुळे ती तशी भडकत नाही, आणि पात्यासही खात नाही.

१९०७ साली लिओ बेकेलँड याने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकलाइट केले. एकदा घट्ट झाल्यावर ते वितळत नाही. पण फरशीवर पडले की तडकते. यावर उपाय पुन्हा कापसानेच दिला. कापडाचे थर तशाच राळेत भिजवून, एकावर एक रचून उष्णतेत दाबले म्हणजे मिकार्टा होते. कापड ताण सोसते, राळ आकार राखते. घाम, तेल, पाणी यांचे तिजपुढे फारसे चालत नाही. आज कापडाच्या जागी काचतंतूंचे कापड व इपॉक्सी राळही वापरतात, स्वस्त चाकूंस काचतंतू मिसळलेले नायलॉन असते. तरी आमची पसंती मिकार्टास. तासून गुळगुळीत केलेली तिची मूठ डोळ्यांजवळ धरावी. थरांच्या रेषांत कापडाची वीण स्पष्ट दिसते.