अर्ध्या तासाचा संशय

‘बोस्टन ब्लॅकी’ ही अमेरिकेतील जुनी रेडिओ मालिका. तिची ध्वनिमुद्रणे मी गेल्या पावसाळ्यात ओळीने ऐकली. पंधरा-वीस भागांनंतर रहस्याची ओढ कमी झाली, कारण साचा ध्यानात आला होता. गुन्हा घडतो, इन्स्पेक्टर फॅरडे येतो, आसपास ब्लॅकी दिसतो आणि फॅरडे ठरवून टाकतो की हे काम याचेच. मग खरा गुन्हेगार शोधण्यावाचून ब्लॅकीला गत्यंतर उरत नाही. तो निर्दोष ठरतो. पुढच्या भागात फॅरडे पुन्हा त्याच्याच मानगुटीवर! हसू येते, पण एक प्रश्न मनातून जाईना. हा माणूस सुधारला आहे, हे त्याने आणखी किती वेळा सिद्ध करायचे?

या प्रश्नाचा माग काढताना मी ब्लॅकीच्या जन्मदात्यापर्यंत पोहोचलो. जॅक बॉयल हा सॅन फ्रान्सिस्कोचा पत्रकार. अफूच्या नादी लागला, खोट्या धनादेशांपायी तुरुंगात गेला आणि पुढे दरोड्यासाठीही त्याला शिक्षा झाली. १९१४ साली ‘द अमेरिकन मॅगझिन’मध्ये ब्लॅकीच्या पहिल्या कथा आल्या, तेव्हा लेखकाच्या नावाच्या जागी ‘क्र. ६६०६’ असे छापलेले होते. या कथांतला ब्लॅकी सुधारलेला नव्हे. तो तिजोऱ्या फोडणारा चोर आहे. मात्र त्याची स्वतःची अशी एक नीती आहे आणि मेरी ही त्याची पत्नी आहे. तुरुंग कसा असतो हे आतून पाहिलेल्या माणसाचे ते लेखन.

पुढे मूकपटांनी ब्लॅकीला उचलले. १९४१ पासून कोलंबिया कंपनीने चेस्टर मॉरिसला घेऊन १४ बोलपट काढले. त्यांत तो चोरीचा धंदा सोडलेला, हजरजबाबी गृहस्थ झाला. १९४४ च्या उन्हाळ्यात मॉरिसच्याच आवाजात तो एनबीसीवर आला. १९४५ पासून रिचर्ड कोल्मारने तो पाच वर्षे गाजवला. मेरी आता पत्नी राहिली नव्हती, मैत्रीण झाली होती. तुरुंग तर जवळजवळ नाहीसाच झाला. ब्लॅकीच्या भूतकाळापैकी उरला तो फॅरडेचा संशय. हा बदल पाहायला बॉयल हयात नव्हता.

संशय दर वेळी कोरा करकरीत का, याचे एक कारण मला धंद्याच्या रीतीत दिसते. कोल्मारची मालिका फ्रेडरिक झिव्ह यांच्या कंपनीची. भाग तबकड्यांवर मुद्रित करून त्या गावोगावच्या रेडिओ केंद्रांना विकायच्या आणि केंद्राने मध्ये स्थानिक दुकानदाराची जाहिरात घालायची, असा हा व्यवहार. (दोनशेहून अधिक भाग निघाले. त्यांतले बरेच आज ऐकायला मिळतात, तेही या तबकड्यांमुळेच.) अशा मालिकेचा प्रत्येक भाग स्वयंपूर्ण हवा, कारण कालचा भाग श्रोत्याने ऐकलाच असेल असे नाही. साहजिकच फॅरडेला कालचे काही आठवून चालत नाही. तो शहाणा झाला, तर मालिकाच संपेल.

इथे ओ. हेन्रीची आठवण होते. बँकेतील अफरातफरीच्या आरोपावरून त्यानेही ओहायोच्या तुरुंगात तीन वर्षे काढली होती. १९०३ मधल्या त्याच्या गाजलेल्या कथेत जिमी व्हॅलेंटाइन हा तिजोरीफोड्या नव्याने संसार मांडायला निघालेला असतो. तिजोरीत अडकलेल्या लहान मुलीला वाचवण्यासाठी तो आपली जुनी हत्यारे सर्वांदेखत बाहेर काढतो. पाळतीवर असलेला बेन प्राइस ते पाहतो आणि ओळख न दाखवता निघून जातो. लघुकथेला शेवट असतो, म्हणून तिथे क्षमा शक्य होते. मालिकेला शेवट परवडत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून हाताळला गेला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली, आणि त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांच्या कथेतून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) घडला. तिथे जेलर आधी विश्वास टाकतो आणि त्या विश्वासाला उतरण्याची धडपड कैद्यांनी करायची असते. ब्लॅकीच्या वाट्याला असा जेलर आला नाही.

तरीही त्या मालिकेला मी नुसती करमणूक म्हणणार नाही. फॅरडेला जे कळत नाही, ते श्रोत्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते: हा माणूस निर्दोष आहे. घराघरांतली माणसे अर्धा तास पोलिसाची बाजू सोडून एका जुन्या चोराच्या बाजूने बसत. रेडिओ बंद केल्यावर, तुरुंगातून सुटलेला एखादा खराखुरा माणूस दुकानात काम मागायला आला, तर त्यांतले किती जण ब्लॅकीचे श्रोते राहिले असतील आणि किती जण फॅरडे झाले असतील? तबकड्या ऐकून त्याचे उत्तर मिळत नाही. मी मात्र तो प्रश्न स्वतःलाच विचारून पाहिला, आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला.