नोटपॅडचा बदली कामगार

विंडोजची पहिली आवृत्ती १९८५मध्ये आली, तेव्हापासून नोटपॅड तिच्या पदरी आहे. त्याला स्वतंत्र प्रोग्राम म्हणावं का, हाच खरा प्रश्न. मजकूर टाइप करायची एक तयार चौकट विंडोजमध्ये असते. नाव-पत्ता भरायचा रकानाही तिचाच. तीच चौकट खिडकीभर ताणली, वर मेन्यूची पट्टी ठोकली, की झालं नोटपॅड. साहजिकच चौकटीचं दुबळेपण त्याच्याही वाट्याला आलं. विंडोज ९५मध्ये फाइल ६४ केबीच्या आसपास गेली की तो हात टेकायचा आणि वर्डपॅडकडे बोट दाखवायचा. 'अनडू' एकाच पायरीचं. दुसऱ्यांदा दाबलं की पुसलेलं परत हजर. युनिक्सवरची फाइल उघडावी तर साऱ्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या. विंडोज ओळीच्या शेवटी दोन खुणा ठेवतं, युनिक्स एकच. त्या एकट्या खुणेची ओळख पटायला नोटपॅडला २०१८ उजाडलं.

मराठी लिहिणाऱ्यांना आणखी एक फटका बसे. फाइल सेव्ह करताना आधीपासून निवडलेला पर्याय 'आन्सी' असायचा. येणारा इशारा न वाचता 'ओके' दाबलं की पुढच्या वेळी देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उभी.

ही जागा भरायला बरेच जण आले. १९९६मध्ये एडिटपॅड, १९९९मध्ये मेटापॅड. २००३मध्ये डॉन हो यांचा नोटपॅड++ आला आणि नाव त्यानंच काढलं. पण टॅब, प्लगइन असा त्याचा संसार मोठा. माझ्या मते खरा बदली कामगार २००४चा, फ्लोरियन बाल्मर यांचा नोटपॅड२. टॅब नाहीत, इन्स्टॉल करायची गरज नाही. एकच फाइल, तीही एक एमबीहून लहान. दिसायला थेट नोटपॅडसारखा; फक्त ओळींना क्रमांक, कोडला रंग आणि हवं तितकं मागं जायची मुभा.

नोटपॅड२ काय किंवा नोटपॅड++ काय, दोघांचं इंजिन एकच: नील हॉजसन यांचं १९९९पासूनचं सिंटिला. त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. मजकूर मेमरीत सलग ठेवला, तर मध्ये एक अक्षर घालायला पुढचं सगळं सरकवावं लागतं. सिंटिला कर्सरपाशी मोकळी जागा राखून ठेवतं. तुम्ही टाइप करता ती अक्षरं त्या पोकळीत पडतात. कर्सर दुसरीकडे नेऊन लिहू लागलात, की पोकळीही तिकडे जाते. लोकलच्या बाकावर चौथी सीट हवी असली की सगळ्यांना 'जरा सरका' म्हणावं लागतं. इथे ती आधीच रिकामी.

जुन्याला उठवून नव्याला त्याच्या जागी बसवणं मात्र सोपं नव्हतं. विंडोज एक्सपी आपल्या फायलींवर पहारा ठेवी. सिस्टिम फोल्डरमधला नोटपॅड बदलला की काही क्षणांत आतल्या साठ्यातून मूळ प्रत गुपचूप परत येई. म्हणून आधी तो साठाच बदलायचा, मग फोल्डर, आणि तक्रार करणारी खिडकी आली की ती नाकारायची. पुढे याहून सभ्य वाट सापडली. 'अमुक प्रोग्राम सुरू करायचा झाल्यास आधी हा डीबगर चालव' असं विंडोजला रजिस्ट्रीतून सांगता येतं. सोय दोष शोधणाऱ्यांसाठी होती; नोटपॅडचा डीबगर म्हणून नोंद झाली नोटपॅड२ची! एकच अडचण: अशा वेळी विंडोज मूळ नोटपॅडचा पत्ताही सोबत धाडतं, आणि बिचारा बदली तोच उघडायला जाणार. त्यावर बाल्मर यांनी '/झेड' हा स्विच ठेवला. अर्थ एवढाच, की पुढचा शब्द वाचू नकोस.

आता नोटपॅडच बदलला आहे. विंडोज ११मध्ये त्याला टॅब आहेत, शुद्धलेखन तपासनीस आहे, वाक्यं नव्यानं लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आहे. ज्याच्याकडे तो बोट दाखवायचा, तो वर्डपॅड २०२४च्या आवृत्तीतून गेला. इकडे नोटपॅड२च्या मोकळ्या कोडवर नोटपॅड३ उभा राहिला. त्याला कामावर लावायचं तर रजिस्ट्रीतली ओळ आता पुरत नाही. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन नोटपॅडच्या नावापुढचं बटण बंद करावं लागतं.