मृगापूर्वीचे आमसूल : सिंधुदुर्गातील एका गृहोद्योगाची प्रक्रिया

नाशवंत पदार्थ टिकाऊ करण्याच्या ज्या कला ग्रामीण समाजांनी विकसित केल्या, त्यांच्या मुळाशी आम्लता, मीठ व जलांश घटविणे ही तीनच साधने बहुधा आढळतात. दुधापासून चीज करणे ही त्यांपैकी एक कला होय. युरोपच्या डोंगराळ प्रदेशांत ती जुनी आहे. जपानातील होक्काइदो बेटावरील लहान चीजशाळांनीही आता तीत नाव मिळविले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आमसुलाचा व्यवसाय याच जातीचा आहे. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. चीज थंड तळघरात महिनोन्‌महिने मुरू शकते. आमसूल करणाऱ्यास फळ पिकल्यापासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंतचेच दिवस मिळतात. या व्यवसायाच्या बहुतेक अडचणी या एका मुदतीतून उद्भवलेल्या आहेत, हे त्याची प्रक्रिया पाहिल्यावर लक्षात येते.

कोकमाचे झाड (गार्सिनिया इंडिका) मुख्यतः पश्चिम घाटाच्या पट्ट्यात आढळते. गोव्यात १५६३ साली प्रसिद्ध झालेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात या फळाचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गात फळास रातांबा व दक्षिणेकडे भिरंड म्हणतात. वाळविलेली साल ती आमसूल, कोकम अथवा सोल. मालवणच्या किनाऱ्यावर माशाच्या आमटीस आंबटपणा द्यावयाचा तो बहुधा याच सालीने. फळे एप्रिलपासून पिकू लागतात, पण झाडावरील सारी फळे एकाच वेळी तयार होत नाहीत. यास्तव तोडणी अनेकदा करावी लागते आणि शेवटच्या तोडणीची फळे जूनच्या तोंडाशी येतात.

रातांबे घरी आले की ते फोडण्याचे काम सुरू होते, आणि ते बहुतांशी स्त्रियाच करतात. साल वेगळी करून बियांसह गर निराळ्या भांड्यात घेतात. या गराच्या रसात मीठ घालतात. त्याचे प्रमाण सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपास असते. साली प्रथम घरापुढील खळ्यात उन्हात पसरतात, नंतर रसात बुडवून पुन्हा वाळवितात. यास पुट देणे असे म्हणतात. अशी पाच-सहा पुटे, कधी त्याहूनही अधिक, दिली जातात. रस अत्यंत आम्ल असल्याने लोखंडाची वा तांब्याची भांडी या कामी चालत नाहीत. पूर्वी मातीची व लाकडाची भांडी वापरीत, आज प्लास्टिकची पिंपे दिसतात. पुट केव्हा पुरे झाले हे सालीचा लवचिकपणा व रंग पाहून हातानेच ठरते.

पुटांचे प्रयोजन रसायनशास्त्राच्या दृष्टीने स्पष्ट आहे. साल वाळताना पाणी निघून जाते, पण आम्ल व रंगद्रव्य मागे राहते. पुढील पुटाने रसातील आम्ल व रंग सालीत शिरतो आणि पुन्हा केवळ पाणीच बाहेर पडते. अशा रीतीने प्रत्येक पुटागणिक सालीतील द्रव्ये घन होत जातात. यातील प्रमुख आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक हे होय. कोकमाच्याच कुळातील गार्सिनिया कंबोजिया या फळातील प्रमुख आम्ल हेच असल्याचे लुईस व नीलकांतन यांनी १९६५ साली दाखविले. तोपर्यंत ते टार्टारिक अथवा सायट्रिक असावे असा समज होता. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन वर्गातील द्रव्यांचा असून तो अधिक उष्णता व प्रकाश यांनी फिका पडतो.

एवढी आम्लता असताना साल नासावी का, असा प्रश्न संभवतो. तीव्र आम्लात बहुतेक जिवाणू वाढत नाहीत हे खरे. परंतु अनेक बुरशींना ते सोसते. त्यांना रोखण्यास जलांश घटविणे हाच उपाय उरतो, आणि येथेच मीठ उलटते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषू लागते. म्हणजे जे मीठ मे महिन्यात सालीचे रक्षण करते, तेच जूनच्या दमट हवेत तिला ओली करते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक वार्षिक पाऊस असलेल्या या जिल्ह्यात पावसाळ्यात उघड्यावर आमसूल होऊ शकत नाही, याचे कारण केवळ ऊन नसणे हे नव्हे.

उशिराच्या फळांसाठी दुसरे मार्ग आहेत. अधिक मीठ घालून रस साठविल्यास आगळ होते. साखरेत साली मुरविल्यास अमृत कोकम मिळते. बियांतील मगज कुटून पाण्यात उकळल्यास वर तरंगणारी चरबी मुठीने वळून ठेवीत. तिला मुठेल म्हणत. पायांच्या भेगांवर घरोघरी वापरल्या जाणाऱ्या या चरबीचा रसायनगुण कोकोच्या लोण्याशी जुळणारा आहे. त्यामुळेच युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिज चरबींत कोकमाचा समावेश आहे. तथापि हे सर्व मार्ग फळ पावसात गळून कुजण्यापूर्वी हाती आले तरच उपयोगाचे.

यास्तव उपायांचा विचार झाडापासून करावा लागतो. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि हे कळावयास सहा-सात वर्षे जातात. कलमांनी ही अनिश्चितता टळते. मात्र आडव्या फांदीची काडी घेतल्यास कलम झुडपासारखे पसरते, उभ्या फांदीची काडी घ्यावी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली प्रसृत केलेल्या ‘कोकण अमृता’ या जातीची फळे पावसाळ्यापूर्वी काढणीस येतात, आणि हाच तिचा मोठा गुण होय. दुसरा उपाय वाळवणी यंत्राचा. त्याने ऋतूचे बंधन सैल होते, परंतु इंधनाचा खर्च वाढतो आणि उष्णतेवर नियंत्रण नसल्यास रंग जातो. म्हणून ते खळ्याची जागा घेण्यापेक्षा हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यापुरते, अनेक घरांनी मिळून वापरणे अधिक व्यवहार्य ठरावे.

सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा घोषित झाला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. या दोहोंनी मालाला नाव व गिऱ्हाईक दिले. पण हिवाळ्यात येणारा प्रवासी बाटली व पुडी पाहतो. पुटे देणारे हात त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. ते हात मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांनाच दिसतात. निर्देशांक नावाचे संरक्षण करतो. झाडाखाली कुजणाऱ्या फळाचे रक्षण त्याच्या कक्षेत येत नाही. या व्यवसायाची उन्नती मोजावयाची तर विक्रीच्या आकड्यांबरोबरच, मृग लागण्यापूर्वी किती रातांबे खळ्यापर्यंत पोहोचले, हेही मोजले पाहिजे. कोकणातील संशोधकांस हे मोजमाप गावपातळीवर करता येण्याजोगे आहे.