जिथे माणूस नाही, तिथे गप्प राहणारा श्वान

इमारत कोसळली किंवा दरड आली की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ढिगाऱ्यावर फिरणारे श्वान दिसतात. एखादा श्वान भुंकला की बचाव पथक तिथे खणायला लागते. पण ढिगारा हुंगून तो न भुंकता पुढे गेला, तर त्याखाली खरेच कोणी नाही हे कशावरून समजायचे? तिथे कोणी राहिलेच असेल, तर ती चूक बऱ्याचदा कधीच उघड होत नाही. शोध-बचाव श्वानांच्या स्पर्धांचे महत्त्व नेमके इथे आहे.

आंतरराष्ट्रीय शोध-बचाव श्वान संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्यालय ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथे आहे. तिच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत माणसाचा माग काढणे, मोकळ्या रानात शोध घेणे आणि ढिगाऱ्यात शोध घेणे, असे वेगवेगळे गट असतात. एकूण ३०० गुणांपैकी २०० गुण नाकाच्या कामाला असतात आणि १०० गुण आज्ञापालन व चपळाईला. आडव्या शिडीवरून चालणे, बोगद्यातून सरपटत जाणे, डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळणे हे त्यात येते.

ढिगाऱ्याच्या चाचणीत काही माणसे आत लपवलेली असतात. त्यांच्या जागा परीक्षकाला माहीत असतात, श्वानाला घेऊन आलेल्या हस्तकाला नसतात. माणूस सापडला की श्वानाने तिथेच थांबून इशारा द्यायचा. हस्तकाने आधी परीक्षकाला तसे सांगायचे आणि मगच जवळ जायचे. आजूबाजूला यंत्रांचा आवाज, ठोकाठोक, धूर असा गोंधळ मुद्दाम ठेवलेला असतो. जिथे कोणी नाही तिथे इशारा दिला तर गुण कापले जातात.

वैद्यकीय क्षेत्रातील वाचकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. रक्ताची कोणतीही नवी तपासणी आम्ही आधी अशा नमुन्यांवर पारखतो, ज्यांचे उत्तर माहीत असते. आजार नसताना ‘आहे’ म्हटले की खोटा होकार, आणि असताना ‘नाही’ म्हटले की खोटा नकार. ढिगाऱ्यावर खोट्या होकाराची किंमत म्हणजे भलत्याच जागी काँक्रीट कापण्यात गेलेले तास. खोट्या नकाराची किंमत म्हणजे मागे राहिलेला माणूस. प्रत्यक्ष दुर्घटनेत खरे उत्तर कोणाच्याच हातात नसते, स्पर्धेत ते परीक्षकाच्या कागदावर असते.

हस्तकाला जागा माहीत नसणे का गरजेचे, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. अमली पदार्थ आणि स्फोटके शोधणाऱ्या श्वानांच्या १८ जोड्या त्यांनी घेतल्या. लाल कागद लावलेल्या जागी वास ठेवला आहे, असे हस्तकांना सांगितले. प्रत्यक्षात वास कुठेच ठेवला नव्हता. तरीही बहुतेक फेऱ्यांमध्ये ‘सापडले’ असा इशारा नोंदवला गेला. माणसाच्या मनातली अपेक्षा त्याच्या चालीतून, थबकण्यातून, नजरेतून श्वानापर्यंत पोहोचू शकते, किंवा माणूस स्वतःच श्वानाच्या साध्या हालचालीला इशारा समजतो. नाक कितीही तीक्ष्ण असले, तरी दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

नाक तीक्ष्ण असते, यात वाद नाही. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या आसपास असतात, तर श्वानाच्या नाकात वीस कोटींहून अधिक. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो. पण हे नाक थकते. अंग तापले की श्वान जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आणि धापा टाकताना त्याला नीट हुंगता येत नाही. आपल्याकडच्या उन्हात म्हणूनच त्याला पाणी, सावली आणि पाळीपाळीने विश्रांती द्यावी लागते. दरडीचा ओला चिखल गच्च बसतो, त्यातून गंध वर यायला वाट राहत नाही. सिमेंटच्या ढिगाऱ्यात निदान पोकळ्या असतात.

आम्हा डॉक्टरांना श्वानाचा खरा इशारा आणखी एका कारणासाठी हवा असतो. स्लॅबखाली तासन् तास दाबलेल्या पायातले स्नायू मरू लागतात. वजन उचलताच त्यातले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात येते. हृदयाचे ठोके बिघडतात, पुढे मूत्रपिंडे बंद पडू शकतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत सापडलेल्या रुग्णांमध्ये बायवॉटर्स आणि बील यांनी १९४१ मध्ये याचे वर्णन केले. बोलता-बोलता बाहेर काढलेला माणूस थोड्याच वेळात दगावतो, तो यामुळे. म्हणून शक्य असेल तर वजन उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करतात. नेमकी जागा लवकर कळली, तरच त्याला वेळ मिळतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या ज्युली या श्वानाने गाझियानतेप प्रांतात ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीची जागा दाखवली. पथकाने लगेच रोमिओ या दुसऱ्या श्वानाला तिथे नेले. त्यानेही तोच इशारा दिला, तेव्हा खोदकाम झाले आणि मुलगी जिवंत बाहेर आली. एका तपासणीचा निकाल दुसरीने पडताळावा, तसाच हा प्रकार.

या दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. माळीण, इर्शाळवाडी पाहिलेल्या राज्यात जिल्हा पातळीवरही श्वान पथकांच्या अशा चाचण्या ठरावीक काळाने व्हायला हव्यात, आणि त्यात काही वेळा ढिगाऱ्यात एकही माणूस लपवलेला नसावा. बरोबर इशाऱ्यांइतकीच चुकलेल्या इशाऱ्यांचीही नोंद ठेवावी.

दुर्घटनास्थळी जमलेल्या लोकांनाही काही गोष्टी करता येतील. श्वान काम करत असताना ढिगाऱ्यावर चढू नये, कारण प्रत्येक माणूस आपला गंध तिथे मिसळतो. शांततेची सूचना आली की वाहनांची इंजिने आणि मोबाइलवरचे बोलणे बंद करावे. घरात किती माणसे होती, रात्री कोण कुठे झोपत होते, हे ठाऊक असलेल्या शेजाऱ्याने पथकप्रमुखाला शोधून ते आधी सांगावे. आणि ‘साहेब, इथे पुन्हा एकदा बघा’ असे वाटले, तर तेही त्यांनाच सांगावे. श्वानाला स्वतः त्या जागेकडे बोलवू नये.