जुन्या बुलेटचा अस्सलपणा : आटे, मुलामा आणि रेघा

मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि इंग्लंडमधील रेडिचहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करून बुलेट ३५० तयार होऊ लागली. त्यामुळे त्या पिढीची गाडी मूळ रूपात आणताना ब्रिटिश मापांशी गाठ पडते. व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्यांचा, म्हणजे बोल्टवरील पेचांचा, कोन ५५ अंशांचा असतो, तर ‘सायकल थ्रेड’ या प्रकारात तो ६० अंशांचा असून बहुतेक मापांत एका इंचात २६ आटे बसतात. अशा जागी जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट बळाने बसवला, तर तो दोन-चार फेरे फिरतो खरा, परंतु ॲल्युमिनियमच्या आवरणातील मूळ आटे कायमचे मारले जातात.

त्या काळी नट-बोल्टांवर बहुधा कॅडमियमचा मुलामा, म्हणजे गंज रोखणारा राखाडी, मंद चमकीचा धातूचा थर, दिलेला असे. त्याऐवजी सरसकट चकचकीत क्रोम चढवणे ही जाणत्या नजरेला फार खटकणारी चूक होय. कॅडमियम विषारी असल्यामुळे आज जस्ताचा मुलामा हा स्वीकारार्ह पर्याय ठरतो.

टाकीवरील सोनेरी रेघा कारागीर कुंचल्याने हाताने ओढत असल्यामुळे त्यांच्या जाडीत किंचित फरक आढळतो, आणि स्टिकरच्या एकसारख्या रेघेत नेमका तोच जिवंतपणा हरवतो. म्हणून जुना रंग खरवडण्यापूर्वी प्रत्येक रेघेचे अंतर व जाडी मोजून कागदावर उतरवून घ्यावी.