सुई पेशी आणते, वेष्टन नाही

गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. वरखाली होतो तो कंठमणी. त्याच्या खाली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी असते. तिच्यात कधी गाठ होते. अशा शंभर गाठींपैकी सुमारे ९० निरुपद्रवी असतात. तरीही खात्रीसाठी काही गाठींतील थोड्या पेशी बारीक सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

अहवालात मात्र कधी कधी ‘अनिश्चित’ असे लिहून येते आणि सारे घर काळजीत पडते. तपासणी चुकली का?

तसे नाही. काही गाठींभोवती पातळ वेष्टन असते. पेशी त्याच्या आत राहिल्या तर गाठ साधी. वेष्टन किंवा रक्तवाहिनी भेदून गेल्या तर कर्करोग. दोन्ही गाठींतील पेशी दिसतात सारख्याच! चार विटा पाहून भिंतीला भगदाड आहे की नाही, हे कसे सांगणार?

२००७ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेतून अशा अहवालांचे सहा गट पुढे आले. त्यांतील तिसरा व चौथा गट अनिश्चितांचा. अशा वेळी पुन्हा सुईने तपासणी, पेशींतील जनुकांची परीक्षा, सोनोग्राफीने देखरेख किंवा ग्रंथीचा गाठ असलेला अर्धा भाग काढून वेष्टनासकट तपासणे, असे मार्ग असतात.

तेव्हा घरात कोणाचा असा अहवाल आला, तर घाबरून निष्कर्ष काढू नका; दुर्लक्षही करू नका. गट कोणता आणि पुढची तपासणी केव्हा, हे दोन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा.